वस्त्रे आणि प्रसंग

मराठी पुरुष पोशाखाच्या बाबतीत उदासीन असतो, धोतर-पागोट्यापलीकडे त्याने कधी काही जाणले नाही आणि नटण्याची हौस त्याने उत्तरेकडील दरबारांना वाहून टाकली, अशी जी समजूत आपल्याकडे दीर्घकाळ चालत आली आहे, ती पेशवे दफ्तराचे चार रुमाल ज्याने सोडून पाहिले असतील त्याच्याजवळ फार वेळ टिकणार नाही. जामदारखान्यातील सणंगांच्या याद्या, सरदारांना द्यावयाच्या वस्त्रांचे हिशेब, लग्नातील आहेर, दसऱ्याचे पोशाख, मृताच्या घरी पाठविलेली दुखवट्याची वस्त्रे, या सर्वांची नोंद ज्या काटेकोरपणे ठेवलेली आढळते, तीवरून आपल्या पूर्वजांची एक दृष्टी स्पष्ट होते. आणि ती अशी की भारी किमतीचे कापड अंगावर चढविणाऱ्यापेक्षा, कोणत्या प्रसंगी, कोणासमोर आणि कोणत्या नात्याने आपण उभे राहणार आहोत हे ओळखून वस्त्र निवडणारा पुरुष त्यांच्या लेखी खरा पोशाखी. आजच्या काळात पुरुषाने केव्हा काय घालावे याविषयी उपदेशाचा सुकाळ झालेला असताना, हे जुने शास्त्र कसे घडले, कोणी पाळले आणि कोणी जाणूनबुजून मोडले, याचा मागोवा घेणे मला अगत्याचे वाटते.

अधिकार आणि वस्त्र यांचा संबंध त्या काळी विलक्षण निकट होता. बाळाजी विश्वनाथांना १७१३ साली शाहू महाराजांकडून पेशवेपदाची वस्त्रे मिळाली, आणि त्यानंतरच्या प्रत्येक पेशव्याला, पुण्यात त्याचा अंमल कितीही निर्वेध चालत असो, साताऱ्याच्या छत्रपतींकडून ती वस्त्रे घेतल्यावाचून गत्यंतर नव्हते. नारायणरावांच्या वधानंतर १८ एप्रिल १७७४ रोजी पुरंदरावर सवाई माधवरावांचा जन्म झाला, आणि मूल अवघे चाळीस दिवसांचे असताना साताऱ्याहून त्याच्यासाठी पेशवाईची वस्त्रे आली. जी वस्त्रे त्या अर्भकाच्या अंगावर बसण्याचा प्रश्नच नव्हता, त्यांच्याच बळावर बारभाईंनी एवढ्या मोठ्या दौलतीचा कारभार त्याच्या नावे हाकला आणि राघोबादादांचा दावा निष्प्रभ केला. वस्त्रांबरोबर शिक्के-कट्यार येत असे, मानकऱ्याच्या दर्जानुसार सणंगांची संख्या कमीअधिक होई, आणि त्यात मंदील आहे की साधा पटका, शिरपेच आहे की नाही, यावरून भरदरबारात त्या मनुष्याची पायरी कोणालाही न विचारता समजत असे. हीच रीत खाली गावापर्यंत झिरपली होती. जमाबंदीचा ठराव झाला म्हणजे पाटलाला सरकारातून पागोटे अथवा शिरपाव मिळे, आणि एकाच पाटीलकीच्या दोन तक्षिमा असल्या म्हणजे पहिला शिरपाव कोणी घ्यावयाचा यावरून गोतसभेपर्यंत तंटे जात. एका पागोट्याच्या चार हात कापडासाठी माणसे पिढ्यान्‌पिढ्या भांडली याचे आज आपल्याला नवल वाटते. परंतु ते भांडण कापडासाठी नव्हते, सगळ्या गावासमोर आपण कोण आहोत हे ठरविण्यासाठी होते.

हे मर्म ज्याने सर्वांत प्रखरपणे जाणले त्या पुरुषाचा उल्लेख येथे टाळता येणार नाही. १२ मे १६६६ रोजी आग्र्याच्या दरबारात, औरंगजेबाच्या वाढदिवसाच्या समारंभात, शिवाजी महाराजांना मागल्या रांगेत उभे करण्यात आले. त्यांच्या डोळ्यांदेखत शाहजाद्यांना, वजीर जाफरखानाला आणि जसवंतसिंहाला खिलती वाटल्या गेल्या, आणि त्यांच्याकडे मात्र कोणी वळून पाहिले नाही. महाराजांचा जो संताप त्या क्षणी उसळला त्याचे वर्णन आग्र्यातील राजपूत मंडळींनी आपल्या धन्यांना धाडलेल्या पत्रांतून आजही वाचावयास मिळते, आणि त्यात अत्यंत बोलकी गोष्ट ही की मागाहून समजूत काढण्यासाठी खिलत पुढे करण्यात आली तेव्हा ती अंगावर घेण्यास त्यांनी साफ नकार दिला. वेळेवर न मिळालेले मानाचे वस्त्र नंतर मिळाले तर ते मान राहत नाही, भीक होते, हा त्या नकाराचा अर्थ होता असे मी समजतो. आठ वर्षांनी रायगडावर छत्र धारण करणाऱ्या राजाने स्वतःच वस्त्रे देण्याचा अधिकार आपल्या हाती घेतला. पेशव्यांना साताऱ्याहून येणाऱ्या वस्त्रांची परंपरा तेथूनच सुरू होते.

पेशवाईतील दरबारी पोशाख कसा होता याची उत्तम साक्ष पुणे दरबाराने इंग्रजांशी केलेल्या १७९० च्या तहाच्या प्रसंगावर थॉमस डॅनियलने काढलेल्या विख्यात चित्रात मिळते. ते त्याने जेम्स वेल्सच्या रेखाटनांवरून १८०५ साली पुरे केले. तलम पांढऱ्या वस्त्रांत बैठकीवर बसलेली मंडळी, डोक्यावरची घट्ट बांधलेली पागोटी, कमरेचे पट्टे, आणि त्यांच्यासमोर गोऱ्या वकिलातीचे रंगीत डगले, हा विरोध पाहिला म्हणजे लक्षात येते की मराठी दरबारी रुचीचा कल शुभ्रतेकडे होता. रंग आणि जर ही पागोट्यात, शेल्यात, दुपट्ट्यात, म्हणजे वस्त्राच्या कडेला आणि मस्तकावर यावयाची. थोरले माधवराव पैठणहून असावली दुपट्टे मागवीत आणि त्यांत तांबडा, हिरवा, केशरी, डाळिंबी व गुलाबी असे रंग आवर्जून सांगत. राज्याच्या चिंतेने आणि क्षयाने अकाली जर्जर झालेल्या त्या करारी पुरुषाला दुपट्ट्याच्या रंगछटेचा विचार करण्यास सवड होती, हे वाचून मला त्यांच्याविषयी अधिकच आपलेपणा वाटला. गळ्यात कंठा, कानात भिकबाळी, मनगटात पोहची, खांद्यावर दोन्ही बाजूंनी पदर सोडलेला शेला आणि पायात तांबडे जोडे, एवढ्याने सरदाराचा थाट पुरा होई. याहून अधिक अलंकार हे नवरदेवालाच शोभावयाचे.

सामान्य गृहस्थाच्या घरी प्रसंगांची ही विभागणी दरबारापेक्षाही सूक्ष्म होती. पहाटे स्नान करून देवपूजेला बसावयाचे ते सोवळ्याने, म्हणजे कुणाचा स्पर्श होऊ न देता उंच वलणीवर वाळविलेल्या धोतराने, किंवा रेशमी कद अथवा मुकटा नेसून, आणि थंडीच्या दिवसांत धाबळी पांघरून. पूजा-भोजन आटोपले की सोवळे सुटले, व बाहेर निघताना धोतराला निऱ्या घालून, अंगात बाराबंदी वा अंगरखा चढवून, खांद्यावर उपरणे टाकून आणि डोक्यावर पागोटे ठेवून मगच उंबरा ओलांडावयाचा. वाड्याच्या ओटीवर उघड्या अंगाने सुपारी कातरीत बसलेला गृहस्थ, दारात वडीलधारे कोणी आले की आधी उपरणे सावरी. विवाहात वराने धार्मिक विधीसाठी रेशमी सोवळे नेसावे, सीमांतपूजनाला व मिरवणुकीला अंगरखा-शेला-पागोटे घालावे, आणि वधूपक्षाने वरपित्याला व मामाला शेला-पागोटे देताना नात्याचा क्रम चुकवू नये. कारण हा क्रम चुकला म्हणजे जेवणाच्या पंगतीतून मंडळी उठून गेल्याची उदाहरणे ज्याच्या त्याच्या घरी सांगितली जात. कीर्तनाला उभा राहणारा हरदास पगडी आणि उपरण्याशिवाय उभा राहत नसे. पंढरीचा वारकरी मात्र या साऱ्या पायऱ्या एका बंडीत आणि साध्या धोतरात विसर्जित करी, आणि गोपीचंदन, बुक्का व तुळशीची माळ यांखेरीज कोणताही अलंकार मिरवीत नसे. वाळवंटात सर्वांनी एकमेकांच्या पाया पडावयाचे असल्यामुळे तेथे पायरी दाखविणाऱ्या वस्त्राला काही काम उरत नाही.

या सर्व पोशाखात मस्तकावरील वस्त्राचे महत्त्व सर्वाधिक होते. उघडे डोके हे सुतकाचे लक्षण. स्मशानात पागोट्याविना जावयाचे, दिवसवार संपले की आप्तांनी दुखवट्याचे वस्त्र द्यावयाचे आणि ते पागोटे बांधून पुन्हा लोकव्यवहारात यावयाचे, असा दंडक होता. संकटात सापडलेला माणूस दुसऱ्याच्या पायांवर पागोटे ठेवी, म्हणजे आपली सारी अब्रूच त्याच्या स्वाधीन करी. शिंदेशाही, होळकरशाही असे पागोट्यांचे बांध एकेका घराण्याच्या नावाने ओळखले जात, आणि वाटसरूचे डोके पाहून तो कोणत्या सरदाराच्या मुलखातून आला आहे हे जाणकार सांगू शके. रोजच्या रोज पागोटे बांधण्याचा खटाटोप वाचावा म्हणून साच्यावर बांधून शिवून पक्की केलेली पगडी आली. ती घडविणारा पगडबंद गिऱ्हाइकाच्या डोक्याचे माप घेई, आणि कापडाची पीळदार चिरी घट्ट व एकसारखी बसविण्यासाठी अनेक वर्षांचा हात लागे. न्यायमूर्ती रानडे, लोकमान्य टिळक, गोपाळराव गोखले अशा परस्परांशी कडाडून मतभेद असणाऱ्या पुरुषांच्या डोक्यावर ही एकच पुणेरी पगडी होती.

परंतु या शास्त्राची दुसरी बाजू सांगितल्याशिवाय त्याचे गुणगान करणे हा अप्रामाणिकपणा होईल. ज्या व्यवस्थेत वस्त्रावरून पायरी कळते, त्या व्यवस्थेत खालच्या पायरीवरील माणसाने वरचे वस्त्र नेसू नये म्हणून दंडाची योजनाही असावी लागते. सोनार समाजातील मंडळी ब्राह्मणांप्रमाणे धोतराला निऱ्या घालू लागली तेव्हा पेशवाईत सत्तेच्या जोरावर त्यांना रोखण्यात आले. गोव्यात इन्क्विझिशनच्या १७३६ च्या फर्मानाने धर्मांतरित पुरुषांना घरात वा बाहेर पुडवे नेसण्याची बंदी केली. तेथे जुन्या धर्माची खूण म्हणून धोतर गुन्हा ठरले. आणि हे सारे फार जुन्या काळाचे आहे असे समजून कोणी निश्चिंत होऊ नये, कारण होळकरांच्या इंदूर संस्थानातील पंधरा-वीस गावांतील सवर्णांनी विसाव्या शतकाच्या तिसऱ्या दशकात बलाई समाजातील लोकांना जे हुकूम सोडले, त्यांपैकी पहिले दोन हे की त्यांनी जरीच्या काठाची पगडी बांधू नये आणि रंगीत वा नक्षीच्या काठाचे धोतर नेसू नये. १९२८ च्या प्रारंभी ही बातमी वृत्तपत्रांत आली आणि बाबासाहेब आंबेडकरांनी पुढे जातिव्यवस्थेवरील आपल्या प्रसिद्ध निबंधात ती नोंदवून ठेवली. धोतराच्या काठावर दोन बोटे रंग असणे ही कुणाच्या लेखी रसिकता आणि कुणाच्या लेखी अपराध असावा, हे आपल्या पोशाखाच्या इतिहासातील सर्वांत लाजिरवाणे पान होय.

इंग्रजी अंमलात कचेरी हा नवा प्रसंग निर्माण झाला आणि त्याने जुनी घडी हळूहळू विसकटली. अंगरख्याच्या जागी आधी लांब पारशी पद्धतीचा आणि मग अल्पाकाचा काळा कोट आला. खाली धोतर, वर कोट, खांद्यावर घडी घातलेले उपरणे आणि डोक्यावर पगडी, असा जो संमिश्र वेष शिरस्तेदार, मामलेदार, वकील आणि मास्तर यांनी पत्करला, तो पन्नास-साठ वर्षे मध्यमवर्गाचा अधिकृत पोशाख ठरला. त्याला रूप नव्हते असे म्हणणारे पुष्कळ आहेत. मला मात्र त्या वेषात दोन जगांना एकाच वेळी सामोरे जाणाऱ्या माणसाचे धैर्य दिसते.

याच काळात तीन मराठी पुरुषांनी, प्रसंगाचे सारे संकेत पुरतेपणी ठाऊक असताना, ते समजूनउमजून मोडले, आणि त्या तीन घटना माझ्या दृष्टीने या साऱ्या इतिहासाचा कळस आहेत. पहिले गणेश वासुदेव जोशी, ज्यांना लोक सार्वजनिक काका म्हणत. १८७० साली पुण्यात स्थापन झालेल्या सार्वजनिक सभेचे ते प्राण. १८७२ मध्ये त्यांनी स्वदेशीचे व्रत घेतले, आणि १ जानेवारी १८७७ रोजी व्हिक्टोरिया राणीला सम्राज्ञी घोषित करणारा दरबार दिल्लीस भरला तेव्हा सभेचे प्रतिनिधी म्हणून ते तेथे गेले ते हातसुताच्या जाड्याभरड्या खादीत. राजेरजवाड्यांच्या किनखापांनी झगमगणाऱ्या त्या मंडपात ते शुभ्र खादीचे ठिगळ किती ठळक दिसले असेल! गांधीजींनी चरखा हाती घेण्यापूर्वी चाळीस वर्षे घडलेली ही गोष्ट आपण पुरेशा अभिमानाने सांगत नाही.

दुसरे महात्मा जोतीराव फुले. २ मार्च १८८८ रोजी हरि रावजी चिपळूणकर यांनी ड्यूक ऑफ कॅनॉट यांच्या सन्मानार्थ पुण्यात मेजवानी दिली. निमंत्रित सारे जडजवाहीर आणि उंची वस्त्रे घालून आले, आणि जोतीराव आले ते शेतकऱ्याच्या वेषात, फाटके पागोटे आणि खांद्यावर घोंगडी अशा थाटात. एरवी ते नीटनेटके राहणारे, बांधकामाची कंत्राटे घेतलेले, पुणे नगरपालिकेचे सभासद राहिलेले गृहस्थ; चांगला पोशाख त्यांच्या घरी नव्हता असे नव्हे. परंतु राणीच्या पुत्रासमोर उभे राहावयाचे ते कोणाचे प्रतिनिधी म्हणून, हा प्रश्न त्यांनी स्वतःला विचारला होता, आणि त्याचे उत्तर अंगावर घालून ते आले होते. या दरबारी मंडळींवरून हिंदुस्थानची पारख करू नका, खरा देश खेड्यांत आहे, अशा आशयाचे भाषण त्यांनी तेथे केले. पण भाषण सुरू होण्याआधीच घोंगडीने ते सांगून टाकले होते. जेथे इतरांनी आपल्या श्रीमंतीला साजेसा वेष केला, तेथे त्यांनी आपल्या कर्तव्याला साजेसा केला, आणि म्हणून त्या मेजवानीत प्रसंगोचित पोशाख एकट्या जोतीरावांचाच होता असे मी निःसंकोच म्हणेन.

तिसरे महाराज सयाजीराव गायकवाड. नाशिक जिल्ह्यातील कवळाण्याच्या शेतकरी घरातून १८७५ साली बडोद्याच्या गादीवर आलेला हा राजा १२ डिसेंबर १९११ रोजी दिल्लीच्या दरबारात पंचम जॉर्जपुढे गेला तो साध्या पांढऱ्या वेषात, हातात काठी घेऊन. लवून एकदा मुजरा केला आणि पाठ फिरवून परतला. इंग्लंडातील वृत्तपत्रांनी एवढा गहजब केला की महाराजांना खुलाशाचे पत्र पाठवावे लागले. त्यात किती योजना होती आणि किती अनवधान, यावर वाद चालूच राहील. परंतु जवाहिराने मढण्याच्या दिवशी पांढरे वस्त्र घालणे हा त्या सभेत सर्वांना समजलेला एक शब्द होता.

गोपाळराव गोखल्यांचा मार्ग याहून सौम्य. १९१२ साली ते दक्षिण आफ्रिकेत गेले तेव्हा त्यांच्यापाशी न्यायमूर्ती रानड्यांनी दिलेले एक उपरणे होते. ते जिवापाड जपत आणि केवळ विशेष प्रसंगी वापरीत. जोहान्सबर्गच्या हिंदी लोकांनी दिलेल्या मेजवानीसाठी ते काढले तेव्हा त्याला चुण्या पडलेल्या होत्या. गांधीजींनी इस्त्री करून देतो म्हटले. गोखले आधी राजी होईनात, वकिलीवर विश्वास असला तरी परीटकामावर कसा ठेवावा असा त्यांचा प्रश्न होता. शेवटी गांधीजींनी इस्त्री केली आणि ती गुरूच्या पसंतीस उतरली, हे गांधीजींनी स्वतःच आत्मकथेत लिहून ठेवले आहे. रानडे जाऊन अकरा वर्षे लोटली होती, आणि समुद्रापलीकडच्या त्या मेजवानीत शिष्याच्या खांद्यावर गुरूचे वस्त्र होते.

पुढली पडझड झपाट्याने झाली. ऑक्टोबर १९०५ मध्येच पुण्यात विलायती कापडाची होळी झाली होती. पगडी वृद्धांपुरती उरली, काळी टोपी आली. १९२० नंतर गांधी टोपीने गावेच्या गावे व्यापली, आणि काही वर्षांत शहरातील तरुण उघड्या डोक्याने हिंडू लागले, तेव्हा सुतकाची ती जुनी खूण वडीलधाऱ्यांच्या मनाला कशी बोचली असेल याची कल्पना आज येणार नाही. ज्या समाजाला शतकानुशतके काय नेसू नये एवढेच सांगितले गेले होते, त्या समाजापुढे बाबासाहेब नेटक्या पाश्चात्त्य सुटात उभे राहिले, आणि तो पोशाख त्या माणसांच्या ताठ मानेचे प्रतीक झाला. मात्र १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपुरात धम्मदीक्षा घेताना त्यांनी तो सूट बाजूला ठेवला होता. त्या दिवशी त्यांच्या अंगावर पांढरे रेशमी धोतर आणि पांढरा कोट होता.

पगडीचा पुनर्जन्म १९७२ साली ‘घाशीराम कोतवाल’ नाटकाने रंगभूमीवर घडविला, आणि २००९ मध्ये पुणेरी पगडीला भौगोलिक निर्देशांक मिळाला. आज ती सत्काराच्या ताटात नारळ-शालीबरोबर येते, आणि लग्नात फेटे बांधणारे कारागीर बोलावून नवरदेवाच्या आजोबांपासून धाकट्या भाच्यापर्यंत सर्वांना तासाभरात सजवितात. २०१८ साली पुण्यातील एका राजकीय सभेत यापुढे पुणेरी पगडीऐवजी फुल्यांच्या पागोट्यानेच सत्कार करावा असे जाहीर झाले, आणि पुढच्या वर्षी तेथील विद्यापीठाच्या पदवीदानात विद्यार्थ्यांनी हाच आग्रह धरला, तेव्हा अनेकांनी तो क्षुल्लक वाद म्हणून झटकून टाकला. मला तो क्षुल्लक वाटला नाही. पदवी घेणाऱ्या मुलाच्या मस्तकावर कोणाचे वस्त्र ठेवावे, हे त्या मुलाला विचारून ठरविणे मला योग्य वाटते; ज्या शेतकऱ्याचे फाटके पागोटे जोतीरावांनी ड्यूकसमोर घातले, त्याची नातवंडे आता त्या पदवीदानाच्या रांगेत उभी आहेत.